मोठ्या मांजरांची खोली

पूर्वी आपल्याकडे मांजर कुणी आणत नसे, ते येत असे. पावसाळ्यात कधीतरी पडवीच्या कोपऱ्यात दिसायचं, काही दिवस माळ्यावर मुक्काम ठोकायचं आणि मग एखाद्या संध्याकाळी चुलीच्या उबेला येऊन बसायचं. घरातली आजी ताटातला दूधभाताचा घास काढून बाजूला ठेवायची आणि तेव्हापासून मांजर घरचं व्हायचं. नाव मनी किंवा माऊ. बोका असला तर नुसताच बोका. कणगीतल्या धान्याला उंदीर लागायचे, उंदरांवर मांजराचं पोट भरायचं आणि या व्यवहारात कुणी कुणाचं मिंधं नव्हतं. भाटी व्याली की पिल्लांना सात घरं दाखवते असं म्हणायचे. त्या सात घरांपैकी कुठल्या घरात कुठलं पिल्लू रुजेल, त्यात माणसाला फारसं विचारलं जात नसे.

हा शेजार फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसापासून हातभर अंतरावर मांजर पुरलेलं सापडलं. फ्रेंच संशोधकांनी 2004 मध्ये ते जगापुढे मांडलं. त्या बेटावर रानमांजरं मुळात नव्हतीच, म्हणजे कुणीतरी मांजर होडीत घालून समुद्र ओलांडून नेलं असणार. आपणहून येणारं मांजर जितकं जुनं, तितकंच माणसाने जवळ धरून नेलेलं मांजरही जुनं आहे, असं मला त्यावरून वाटतं.

आम्ही पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो. दाराला लॅच, खिडक्यांना सरकत्या काचा, खाली गेटवर रखवालदार. मांजराने यायचं ठरवलं तरी कुठून येणार? सासरे गेल्यानंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं सगळं आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या एका गावी मोठ्या घरात गेलेलं, आणि त्या घरात मांजर नाही असं एकही वर्ष नव्हतं. दुपारी आम्ही दोघं कामावर असताना त्या एकट्या. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही, पण "एखादं मांजर असतं तर बरं झालं असतं गं" हे वाक्य त्या भाजी निवडताना, वाती वळताना, उगाच खिडकीपाशी उभ्या असताना म्हणायच्या. ते ऐकून ऐकून मी ठरवलं की मांजर आणायचंच.

दुकानातून आणायचं नाही हे मात्र पहिल्यापासून नक्की होतं. चपट्या नाकाची पर्शियन पिल्लं काचेच्या पेटीत बघितली की माझा जीव गुदमरतो. त्या नाकामुळे त्यांना श्वास घ्यायला त्रास होतो आणि डोळे सतत पाझरतात. असा चेहरा मुद्दाम पैदास करून घडवायचा, हेच मला पटत नाही. शिवाय रस्त्यावर, पार्किंगमध्ये, मंडईच्या मागे इतकी मांजरं आसरा शोधत असताना आणखी विकत कशाला आणायची?

म्हणून शेल्टर. हा शब्द इंग्रजी असला तरी ही कल्पना काही परदेशातून आयात झालेली नाही. 1832 मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायचं फर्मान काढलं तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतर 1834 मध्ये भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून त्याला पैसा दिला. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटलही एकोणिसाव्या शतकातलंच. मुक्या जिवाला छप्पर द्यायचं ही आपल्याच लोकांनी आपल्या पैशातून उभी केलेली गोष्ट आहे. तिचा अभिमान किल्ल्यांच्या अभिमानाइतकाच उघडपणे बाळगावा असं मला वाटतं.

आम्ही गेलो ते शेल्टर शहराबाहेर आहे. पत्र्याचं मोठं फाटक, आत शिरताच कुत्र्यांचा गलका, आणि मागच्या अंगाला मांजरांच्या दोन खोल्या. आत जाण्याआधी हात धुवायचे, चपला बाहेर काढायच्या, त्यांच्या स्लीपर घालायच्या. हा नियम किती गरजेचा आहे ते तिथल्या कार्यकर्त्या मुलीने समजावून सांगितलं. मांजरांना कुत्र्यांच्या पार्वोसारखा एक आजार होतो, पॅनल्यूकोपेनिया. त्याचा विषाणू जमिनीवर, कपड्यांवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. लस साधारण आठ आठवड्यांच्या पिल्लाला देता येते. त्याआधी आईवेगळी झालेली पिल्लं शेल्टरमध्ये आली आणि पाहुण्याच्या पायाला लागून विषाणू आला, तर अख्खी पेटी दोन-चार दिवसांत रिकामी होते. हे सांगताना तिचा आवाज सपाट होता. हे तिने पुष्कळदा पाहिलेलं होतं.

पहिली खोली पिल्लांची. उन्हाळा सुरू झाला की मांजरं भराभर व्यायला लागतात आणि पावसाळ्यापर्यंत ही खोली भरलेली असते. फळांच्या लाकडी खोक्यांत जुने टॉवेल, त्यात एकावर एक पडलेली पिल्लं. आलेली सगळी माणसं याच खोलीत थांबतात. मोबाइल निघतात, फोटो होतात, "हे नको, ते पांढरं दाखवा" असं चालतं.

दुसऱ्या खोलीत मोठी मांजरं. तिथे आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.

त्या खोलीविषयी मला खरं तर लिहायचं आहे. जाळीची भिंत, त्यातून येणारं उतरतं ऊन, जुन्या साड्यांच्या झोळ्या खुंट्यांना टांगलेल्या, आणि प्रत्येक झोळीत, फळीवर, खोक्यावर एकेक मांजर. पिल्लांच्या खोलीत असतो तसा दंगा इथे नाही. एक पिवळा बोका येऊन पायाला अंग घासून गेला. एक काळी मांजर लांबूनच बघत राहिली. काळ्या मांजरांना घर मिळायला फार वेळ लागतो, असं ती मुलगी म्हणाली. मांजर आडवं गेलं की काम होत नाही, आणि काळं असलं तर विचारूच नका, ही समजूत कॉलेज शिकलेल्या घरांतूनही टिकून आहे आणि तिची किंमत ही मांजरं मोजतात. एकाचा डोळा गेलेला, एकाची शेपूट अर्धी. बाकीच्यांना तर काहीच झालेलं नाही, ती फक्त मोठी झाली आहेत. चार-पाच वर्षांचं धडधाकट, माणसाळलेलं, खोलीभर डौलाने फिरणारं जनावर, आणि ते पिल्लू नाही एवढ्याच कारणाने त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही.

सासूबाईंना आम्ही बरोबर नेलं होतं. त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली, त्या बसल्या. वरच्या फळीवर एक तीन रंगांची मांजर पाठ करून बसली होती. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस डाग, कपाळावर मधोमध एक काळा ठिपका. तीन रंगांचं मांजर बहुधा भाटीच असतं, कारण तांबूस रंग ठरवणारा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, आणि भाटीकडे ती गुणसूत्रं दोन असतात, बोक्याकडे बहुधा एकच. नेमका कोणता ते जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलं. सासूबाईंना हे आधीच ठाऊक होतं, जीन वगैरे नव्हे, पण "तीन रंगांचा बोका मी तरी आयुष्यात पाहिला नाही" एवढं.

तिच्या डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं होतं. नसबंदी झालेल्या मांजराची ती खूण. भूल उतरायच्या आत कापतात, त्यामुळे पुन्हा कुणी तिला पकडून पोट उघडत नाही. जाळीला अडकवलेल्या कार्डावर नाव होतं टिकली, वय दातांवरून अंदाजे चार, आणि येण्याचं कारण एका ओळीत: घरात बाळ येणार आहे.

कुणीतरी तिला खोक्यात घालून फाटकापाशी ठेवून गेलं होतं, वर चिठ्ठी.

या कारणाने दारोदार झालेली मांजरं कितीतरी आहेत, म्हणून इथे जरा थांबून सांगते. सून किंवा लेक गरोदर राहिली की कुणीतरी म्हणतं, मांजर ठेवू नका, बाळाला धोका असतो. हा धोका टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा, आणि तो खोटा नाही. पण मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडेच त्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावरही त्याला लागण करण्याजोगं व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे विष्ठेचा ट्रे रोज साफ झाला आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी केलं, तर तो धोका जवळजवळ उरत नाही. घरातच राहून तयार खाणं खाणाऱ्या मांजराला मुळात लागण होण्याची शक्यताच कमी. अर्धकच्चं मांस, न धुतलेली पालेभाजी आणि कुंड्यांची माती यांतून हा परजीवी माणसापर्यंत पोचण्याचा संभव त्याहून जास्त असतो. हे डॉक्टरांनी दोन मिनिटं देऊन सांगितलं, तर किती मांजरांची घरं वाचतील! नवऱ्याने नऊ महिने ट्रे साफ करायचा, एवढाच तो उपाय.

सासूबाईंनी कार्ड माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "सटवाईचं वाहन आहे हे." बाळाच्या पाचवी-सहावीला जी कपाळावर नशीब लिहायला येते ती सटवाई, म्हणजेच षष्ठी, आणि षष्ठीचं वाहन मांजर. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या राखणदार देवीला आपल्या पूर्वजांनी मांजरावर बसवलं. आणि आज बाळाची चाहूल लागताच पहिलं मांजर घराबाहेर जातं. सासूबाई एवढंच बोलल्या आणि वर फळीकडे बघत राहिल्या.

टिकली वळली नाही. आम्ही निघेपर्यंत तिने आमच्याकडे तोंडही केलं नाही. तरी निघताना सासूबाई म्हणाल्या, "हीच."

पुढचा भाग परीक्षेचा होता, आणि ती आमची होती. भलामोठा फॉर्म. घर स्वतःचं की भाड्याचं, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, बाल्कनीला जाळी आहे का. मग एक ताई घर बघायला आल्या. त्यांनी प्रत्येक खिडकी सरकवून पाहिली, स्वयंपाकघराच्या गजांमधून हात घालून पाहिला, बाथरूमच्या झडपेपर्यंत सगळं तपासलं. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवरच पडतं, त्याला काही होत नाही, ही समजूत खरी नाही. ते हवेत वळतं हे खरं, पण सातव्या मजल्यावरून पडल्यावर जबडा, छाती, पुढचे पाय यांचं काय होतं ते जनावरांचे डॉक्टर रोज बघतात. एखादं कबुतर कठड्यावर बसलं की मांजराला मजले मोजायचं भान राहत नाही. आम्ही सगळीकडे बारीक विणीची नायलॉनची जाळी लावून घेतली, तेव्हा कुठे होकार आला.

एवढा तपास बघून आमच्या ओळखीतले काहीजण वैतागले. "मुलगी बघायलासुद्धा एवढं कुणी विचारत नाही आता" असंही कुणी म्हणालं. मला मात्र त्या फॉर्मबद्दल आदरच वाटतो. त्यातला एक प्रश्न होता: तुमच्यानंतर हे मांजर कोण सांभाळेल? घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांनी तो प्रश्न स्वतः वाचला, चष्मा काढला, आणि माझं नाव घालायला सांगितलं. मग माझ्या खाली आमच्या मुलीचं. घरातली पुढची पंधरा वर्षं असं बसून आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो.

दुसरा अवघड प्रश्न खाण्याचा. आमचं घर पूर्ण शाकाहारी. सासूबाईंच्या गावच्या घरातही तसंच होतं, आणि तिथली मांजरं दूधभातावर जगायची असं त्या ठामपणे सांगत. खरं तर ती दूधभातावर जगत नव्हती. दूधभात हे वरचं खाणं; खरं जेवण ती स्वतः मिळवत होती, परसातले उंदीर, पाली, चिमण्या. मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं. ते त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही आणि ते मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते आणि हृदय सैल होऊन मोठं होत जातं. हृदयाचं हे कारण कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवून दिलं आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. दूध तर मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना पचतच नाही, जुलाब होतात. आपण दार बंद केलं, उंदराची वाट बंद केली, तर त्याच्या ताटात मांस वाढण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. मांजर शाकाहारी करायचा हट्ट म्हणजे त्याला डोळ्यांदेखत आंधळं करणं आहे, आणि शाकाहाराच्या मुळाशी जी दया आहे तिच्या हे अगदी उलट जातं.

ही गोष्ट सासूबाईंना कशी सांगायची हा मला प्रश्न होता. ताईंनी सरळ विचारलं, "आजी, घरात मांजरापुरतं नॉनव्हेज चालेल का? नाहीतर आम्हाला देता येणार नाही." सासूबाईंनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "तिची ताटली वेगळी, तिचा चमचा वेगळा, आणि ते ओट्यावर यायचं नाही. तिचा धर्म तिला." प्रश्न मिटला. आता सकाळी तयार खाणं आणि संध्याकाळी पाऊच, दोन्ही त्याच हाताने वाढतात. देवघरात जाण्याआधी हात धुतात, इतकंच.

घरातल्या आणखी काही गोष्टी बदलल्या. पुसायच्या पाण्यातलं फिनाइल बंद झालं. फिनॉल मांजराच्या शरीराबाहेर नीट टाकलं जात नाही. ओल्या फरशीवरून चालून पाय चाटले की विष थेट पोटात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या गेल्या. औषधांचा डबा वरच्या कप्प्यात गेला, कारण आपण डोकं दुखलं की सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुणा दिवाणखान्यात लिलीची फुलं दिसली तर तेवढं सांगून येते मी आता. तिचे परागकणसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करतात.

आणि मग टिकली आली. म्हणजे कागदोपत्री आली. कॅरिअरचं दार उघडलं तशी ती जमिनीला पोट लावून दिवाणाखाली गेली, आणि तिथेच राहिली.

आम्हाला आधीच बजावलं होतं: ओढून बाहेर काढायचं नाही, वाकून वाकून बघायचं नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत. एका खोलीत खाणं, पाणी, लिटरचा ट्रे, आणि माणसाने आपापली कामं करायची. ती खोली सासूबाईंचीच होती. त्या दिवाणावर बसून पोथी वाचायच्या, वाती वळायच्या, दुपारी पडायच्या. दिवाणाखाली टिकली. रात्री ताटली रिकामी व्हायची, ट्रे वापरलेला असायचा, म्हणजे ती फिरत होती. पण आम्ही निजल्यावर. नवऱ्याला काळजी वाटायची, मुलगी फोनवर रोज विचारायची, "आली का बाहेर?" सासूबाई मात्र अजिबात घाईत नव्हत्या. त्यांच्या लहानपणापासूनच्या सगळ्या मांजरांनी स्वतःचा वेळ घेतला होता, मग हिनेही घ्यावा. मला तेव्हा कळलं की मांजर शेल्टरमधून आणता येतं ते फक्त घराच्या दारापर्यंत. त्यापुढे पूर्वीसारखंच आहे. तिला यावंसं वाटेल तेव्हा ती येणार.

ती कशी आली ते मी पाहिलं. रविवारची दुपार होती. सासूबाई जमिनीवर पाय पसरून मटार सोलत होत्या. दिवाणाच्या झालरीखालून आधी मिशा दिसल्या, मग कपाळावरचा ठिपका. सासूबाईंनी मान हलवली नाही. फक्त तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटले आणि उघडले, पुन्हा मिटले. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, गावच्या मांजरांशी त्या नेहमी असंच करत. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये हेच तपासून लिहिलं: माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजर उलट तसेच डोळे मिटतं, आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला जास्त राजी होतं. टिकलीने डोळे बारीक केले. मग बाहेर आली, मागचा एक पाय दिवाणाखालीच ठेवून पुढे ताणली गेली, एक मटार हुंगला, पंजाने ढकलला. तो फरशीवरून घरंगळत गेला तशी ती त्याच्यामागे गेली. टरफलांच्या ढिगाला वळसा घातला, सासूबाईंच्या पावलाचा अंगठा हुंगला आणि त्यावर गाल घासला. मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात; ते ज्याला गाल घासतं त्याला आपला वास लावून ठेवतं, आपल्यातलं म्हणून. सासूबाई मटार सोलतच राहिल्या, पण त्यांचे डोळे भरले होते.

त्यानंतर सगळं सोपं झालं. लहान पिल्लू असतं तर सासूबाईंच्या पायांत आलं असतं, पडदे चढलं असतं, दुपारभर कुणीतरी त्याच्यामागे धावायला हवं होतं. टिकलीचा स्वभाव शेल्टरच्या माणसांना माहीत होता आणि तो जसा सांगितला तसाच निघाला: शांत, एका माणसाला धरून राहणारी, उचलून घेतलेलं न आवडणारी. मोठं मांजर घेण्यातला हा मोठा फायदा कुणी लक्षात घेत नाही. पिल्लू पुढे कसं निघेल हे कुणालाच सांगता येत नाही; मोठं मांजर आहे ते समोर आहे. ज्या घरात वयस्कर माणसं आहेत, ज्या घरातली माणसं दिवसभर बाहेर असतात, त्यांनी पिल्लांच्या खोलीत न थांबता सरळ दुसऱ्या खोलीत जावं असं मी मनापासून सांगते.

नसबंदीवरून अजूनही वाद ऐकू येतात. "एकदा तरी आई होऊ द्यावं, बिचारी." भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. सुमारे नऊ आठवड्यांत चार-पाच पिल्लं होतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते. त्यातली कितीशी जगतात ते पार्किंगच्या कडेला बघावं, गाडीच्या बॉनेटखाली बघावं. ज्यांना तिच्या आईपणाची एवढी कणव आहे त्यांनी पिल्लांच्या खोलीतली खोकी एकदा मोजून यावीत. आणि मांजर सोडून देणं हा गुन्हा आहे हेही फार थोड्यांना माहीत असतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा तसं म्हणतो. पहिल्या वेळच्या गुन्ह्याला त्यात दंड किती? दहा ते पन्नास रुपये. इतक्या वर्षांत तो आकडा तसाच राहावा, याचा मला राग येतो.

कधी कधी लोक म्हणतात, तिला आयुष्यभर उपकाराची जाणीव राहील. मला तसं काही दिसलेलं नाही आणि तशी अपेक्षाही नाही. टिकली वेळेवर जेवायला मागते, ऊन सरकेल तशी सरकते, सासूबाई पोथी वाचताना पोथीवरच बसते. घुरघुरते तेव्हा हात ठेवला तर तळव्यातून ते कंप कोपरापर्यंत जाणवतात. आधीच्या घरी तिला काय नावाने हाक मारत होते कुणास ठाऊक. कुकरची शिट्टी झाली की ती धावत स्वयंपाकघरात येते आणि ओट्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत उभी राहते. आमच्याकडे त्या कोपऱ्यात काही नसतं. त्या घरी असणार. तिथेही तिला कुणीतरी प्रेमाने वाढत होतं, आणि ती बाई तिला खोक्यात घालताना रडली असेल असं मला वाटतं. तिच्यावर राग धरवत नाही. तिला कुणीतरी नीट माहिती द्यायला हवी होती.

गेल्या आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावरची बाई मुलीला घेऊन आली. मुलगी पाचवीत आहे, तिला मांजराचं पिल्लू हवं आहे, "असं छोटंसं, हातात मावेल असं." टिकली तिच्यासमोर येऊन बसली आणि मुलगी बराच वेळ तिच्याजवळ फरशीवर पालथी पडून राहिली. मी त्या माय-लेकींना दुसऱ्या खोलीबद्दल सांगितलं. तिथे दोन बोके आहेत, सख्खे भाऊ, एकाचा डोळा गेलेला, आणि ते एकमेकांवाचून जेवत नाहीत म्हणून त्यांना वेगळं द्यायचं नाही असं ठरलंय. एकदम दोन मांजरं घ्यायला कुणी तयार होत नाही. मुलीने विचारलं, "एका डोळ्याने त्याला बॉल दिसतो का?" दिसतो म्हटलं. येत्या रविवारी आम्ही सगळ्याजणी जाणार आहोत, सासूबाईही यायचं म्हणतात. जाळी बसवणाऱ्याचा नंबर मी मुलीच्या आईला देऊन ठेवला आहे.